जिन्यातलं उत्तर मागे घेताना

सिडको, नाशिक
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी खोलीला कुलूप लावून तू निफाडकडे गेलास आणि रविवारी सकाळी जिन्याच्या खिडकीत मला तुझी उदासीवरच्या गोळ्यांची स्ट्रिप दिसली. दहातल्या आठ शिल्लक. विसरला असेल, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. मग लक्षात आलं, की चार्जर, मफलर, आईसाठी घेतलेला चिवडा, सगळं तू आठवणीने नेलंस. स्ट्रिप खिडकीत पडलेली नव्हती, ठेवलेली होती. आणि त्याच खिडकीपाशी उभं राहून आपण आदल्या आठवड्यात बोललो होतो.

तू विचारलंस, ‘काकू, डॉक्टरांनी हे दिलंय, पण माझ्या डोक्यात नेमकं कमी काय आहे?’ माझ्या हातात दुधाची पिशवी, आत कुकरची दुसरी शिट्टी झालेली. तीस-चौतीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवरून ज्याला त्याला दिलं तेच उत्तर तुलाही देऊन टाकलं. ‘अरे, सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं एक द्रव्य कमी पडतं. टाकीतलं पाणी खाली गेलंय असं समज. गोळीने भरून निघतं.’ तू थोडा वेळ गप्प राहिलास, मग म्हणालास, ‘म्हणजे माझी टाकीच गळकी.’ आणि वर निघून गेलास. मी कुकर बंद करायला धावले.

ते उत्तर मी मागे घेते. त्यासाठीच हे पत्र. फोनवर हे सांगता आलं नसतं, तू ‘हो काकू, हो काकू’ करून ठेवून दिला असतास.

आधी मी ते उत्तर कुठून उचललं ते ऐक. पंचवटीत माझं मेडिकल होतं हे तुला माहीत आहे. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुऑक्सेटिन या उदासीवरच्या औषधाला मंजुरी मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत ते आणि त्याच्या जातीची औषधं आपल्याकडेही आली. तुझी गोळी, एस्सिटालोप्राम, त्याच कुळातली, बऱ्याच नंतरची. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, चकचकीत कार्डं घेऊन यायचे. कार्डावर दोन चेतापेशींची टोकं, मध्ये फट. डावीकडच्या चित्रात फटीत चार ठिपके आणि खाली उदास चेहरा, उजवीकडे चाळीस ठिपके आणि हसरा चेहरा. बी.फार्म. झालेली मी, मला एवढं तरी सुचायला हवं होतं, की एका ठिपक्याने माणूस किती हसतो हे कुणी मोजलंय का. नाही सुचलं. खरं सांगायचं तर ते चित्र सोयीचं होतं. समोरची बाई चिठ्ठी पदराखाली लपवून आलेली असायची, ‘वेड्याची गोळी आहे का हो ही?’ असं कुजबुजायची. तिला ‘नाही हो, शुगरसारखंच असतं, एक द्रव्य कमी पडतं’ म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. त्या घटकेला तेच बरं वाटलं. पण त्याच उत्तराला मागे एक धार आहे, ती तू मला दाखवलीस. द्रव्यच कमी असेल तर माणूस कायमचा कमअस्सल.

आता ही कल्पना मुळात निघाली कुठून? तिचं एक मूळ आपल्याच मातीत आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांना फार जुनी ठाऊक, उत्तरेकडे तर तिला ‘पागल की दवा’ म्हणत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात निबंध लिहिला. जगाचं लक्ष वेधलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर खपू लागलं. रक्तदाब उतरायचा खरा, पण काही रुग्ण मात्र खचल्यासारखे होऊन बसायचे. पुढे कळलं, की रेसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिन, डोपामाइन, नॉरअॅड्रिनलिन यांचे साठे रिकामे करतं. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे कान पाडून निपचित बसले. मग डोपामाइन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचलं, तर ससे उठून हिंडायला लागले. कार्लसनना या कामासाठी २००० साली नोबेल मिळालं. हा प्रयोग हालचालींसाठी मोलाचा ठरला, पार्किन्सनचं औषध त्यातून निघालं. पण ससा उठला म्हणजे ससा खूश झाला असं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. हे आपलं माझं म्हणणं.

नेमक्या त्याच काळात उलट्या बाजूनेही एक गंमत झाली. क्षयरोगासाठी काढलेलं इप्रोनियाझिड न्यूयॉर्कमधल्या क्षयाच्या इस्पितळात देत होते, तर मरणाच्या दारातले रुग्ण व्हरांड्यात नाचायला लागले. हे औषध याच द्रव्यांचा निचरा अडवत होतं. म्हणजे साठा रिकामा केला की माणूस खचतो, निचरा अडवला की माणूस फुलतो. दोन बाजूंनी दोन पुरावे. मग १९६० च्या दशकात सिद्धान्त तयार झाला, की उदासी म्हणजे या द्रव्यांची टंचाई. ऐकायला सरळ होता, म्हणून टिकला.

यातली चूक तुला मी समजावण्याची गरज नाही, तू द्राक्ष बागायतदाराचा मुलगा आहेस. बागेवर भुरी आली की तुझे वडील गंधक मारतात. भुरी जाते. म्हणून भुरी आली ती वेलीत गंधक कमी पडलं म्हणून, असं तुझ्या वडिलांना कुणी सांगितलं तर ते त्याला बांधावरून खाली उतरवतील. औषधाने गुण येतो यावरून आजाराचं कारण ठरत नाही. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दशकानुदशकांचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा उदासीच्या आजारात सेरोटोनिन कमी असतं याला ठाम आणि सातत्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. त्यावर बराच वाद झाला. पण जाणती डॉक्टरमंडळी त्याआधीच खासगीत सांगत होती, की टाकीचं चित्र हे समजावण्यापुरतं आहे. आम्ही दुकानदारांनीच ते फार मनावर घेतलं. आजही रक्तातलं सेरोटोनिन तपासून उदासीचं निदान होत नाही. कुणी तसलं ‘मूड पॅकेज’ विकायला आला तर पैसे देऊ नकोस.

मग आता गोळी कशाला, असं तू म्हणशील. थांब, त्या आधी जीए, म्हणजे तुम्ही द्राक्षाला देता ते जिबरेलिक अॅसिड.

या क्षणी तू बागेत घडाखाली जीएच्या द्रावणाचा मग धरून उभा असशील, हात वर, मान मागे. डिपिंग. तुझे वडील मला एकदा सांगत होते, मी दुकानदाराच्या उत्सुकतेने ऐकत होते. घड पोपटी रंगावर असताना जीए फवारलं तर घडाचा दांडा लांबतो. तेच फुलोऱ्यात दिलं तर फुलं गळून विरळणी होते. मणी धरल्यावर, तो ज्वारीएवढा झाला की त्याच जीएत घड बुडवायचा, मग मणी फुगतो. द्रव्य एकच. अवस्था बदलली की काम बदललं, मात्रा चुकली की घड वाया. मी त्यांना विचारलं होतं, ‘मग जीए चांगलं का वाईट?’ ते नुसते हसले.

सेरोटोनिनचंही असंच आहे. त्याचा शोध मेंदूत लागलाच नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला ते रक्तातून वेगळं काढलं गेलं, रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य म्हणून. सीरममधलं टोन देणारं, म्हणून सेरोटोनिन. मेंदूत ते आहे हे १९५३ मध्ये कळलं. तुझ्या अंगातलं जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन आजही आतड्यात आहे, तिथे ते आतड्याची हालचाल चालवतं. काही रक्तातल्या बिंबिकांत (प्लेटलेट्समध्ये), जखम झाली की रक्त थांबवायच्या कामी. मेंदूत जे थोडंसं आहे ते झोप, भूक, वेदना, चिडचिड, धीर अशा अनेक ठिकाणी हात घालतं. त्याला बसायला पेशींवर निदान १४ प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, आहेत आणि प्रत्येकावर बसलं की परिणाम वेगळा. काही ग्राहकांवर बसलं की पेशी शांत होते, काहींवर बसलं की पेटते. त्यामुळे ‘सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं रसायन’ ही गोष्ट ‘जीए म्हणजे गोडीचं औषध’ म्हणण्याइतकी अर्धवट आहे. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, प्रत्येकीच्या हजारो जोडण्या. एवढ्या बागेची हालहवाल एका टाकीच्या पातळीवरून कशी कळेल?

आता गोळी. ती फटीतलं सेरोटोनिन परत शोषणारं दार अडवते. हे काम पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होतं. टाकीची गोष्ट खरी असती तर तू त्याच संध्याकाळी गाणं म्हणत जिना चढला असतास. प्रत्यक्षात मन हलायला दोन ते सहा आठवडे लागतात. या मधल्या काळात मेंदू नव्या परिस्थितीशी जुळवून घेतो, पेशींवरचे ग्राहक बदलतात, जोडण्या थोड्या सैल होऊन नव्याने बांधल्या जातात. यातला नेमका कोणता बदल गुण देतो यावर अजून अभ्यास चालू आहे. पण ऑक्टोबर छाटणी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी डोळे फुटत नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? बाहेरून काडी सुकलेलीच दिसते तेव्हा आत कामं चालू असतात.

तू बारा गोळ्या घेतल्यास. बारा दिवस. तुझं म्हणणं, ‘काही फरक नाही, उलट मळमळतं.’ बरोबर आहे. मळमळ आधी येते, कारण ९० टक्के आतड्यात. जेवणानंतर घेतलीस तर कमी होते, आणि बहुतेकांची पहिल्या एक-दोन आठवड्यांत आपोआप जाते. म्हणजे तू सगळा त्रास सोसून झाल्यावर आणि गुण यायच्या तोंडावर स्ट्रिप खिडकीत ठेवून गेलास. डिपिंग करायचं आणि माल निघायच्या आधी बाग सोडून द्यायची, तसं.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही, कारण तू तेवीस वर्षांचा आहेस. पंचविशीच्या आतल्यांना ही औषधं सुरू करताना पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढू शकते, आणि काही जणांना जीव नकोसा वाटण्याचे विचारही येतात. अमेरिकेने २००४ मध्ये लहान मुलांच्या बाबतीत औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. तसलं काही डोक्यात आलं तर तो तुझा निर्णय समजू नकोस. आईला उठव, डॉक्टरांना फोन कर, मला रात्री दोनला केलास तरी मी जागी असते, म्हातारपणाची झोप. आणि कुणाही ओळखीच्या माणसाशी बोलावंसं वाटलं नाही तर १४४१६. टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास असतं, मराठीत बोलतात. आत्ता मोबाईलमध्ये नंबर टाकून ठेव. पत्र खाली ठेव, नंबर टाक, मग पुढे वाच.

आता तुझ्या त्या ‘गळक्या टाकी’बद्दल. तुझं बिनसलं कधीपासून, ते तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे, कारण जिन्यावरची पावलं माझ्या डोक्यावरून जातात. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तू दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचास. मग अंबडच्या कंपनीत तुझी शिफ्ट दर आठवड्याला फिरायला लागली. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक थर्ड. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचं एक घड्याळ आहे. ते उजेडावर चालतं. अंधार पडला की झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन वर, पहाटेपासून अंगाला जागं करणारं कॉर्टिसॉल वर, जाग आल्यावर अर्ध्या तासात ते सर्वांत जास्त. दिवसाला तोंड द्यायची ती तयारी. तू रात्री अकराला कामावर जातोस आणि सकाळी सातला, अंगातलं कॉर्टिसॉल चढलेलं असताना, तोंडावर ऊन घेत बाईकवरून येतोस आणि म्हणतोस झोप. ते घड्याळ थर्ड शिफ्टला जुळवून घ्यायला लागतं न लागतं तोच तुझी शिफ्ट बदलते. वर पहाटे चारला कँटीनचा चहा, दोन कप. थकवा साठला की मेंदूत अॅडिनोसिन साठतं आणि झोप ओढून आणतं. चहातलं कॅफीन त्याच्याच खुर्चीत जाऊन बसतं. ते निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. चारचा चहा नऊ वाजता अर्धा तुझ्या अंगात, आणि तू छताकडे बघत पडलेला. झोप मोडलेल्या मेंदूत भीतीचा भाग जास्त भडकतो आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग ढिला पडतो. अशा माणसाला सुपरवायझरचं साधं वाक्यसुद्धा टोचतं. यात तुझा स्वभाव कुठे आला?

तर गावाहून आल्यावर डॉक्टरांना शिफ्टचं सांग. पहिल्या भेटीत तू सांगितलं नसणार, मला खात्री आहे. त्यांच्याकडून पत्र घेऊन निदान दोन-तीन महिने एकच शिफ्ट मिळते का, ते एचआरला विचार. नाही मिळाली तर येताना गॉगल, खिडकीला माझ्याकडची जाड सतरंजी, आणि रात्री एकनंतर चहा बंद. सतरंजी मी आजच काढून ठेवते.

दुसरं, तपासण्या. हे मी अनुभवाने सांगते आणि ते सांगताना मला लाज वाटते. तुझे काका गेले त्यानंतरचं वर्ष. मी सकाळी उठायची आणि पलंगाच्या कडेला अर्धा तास नुसती बसायची. केस गळत होते, आवाज जाड झालेला, वैशाखातसुद्धा शाल. सगळे म्हणाले दुःख आहे, वेळ जाऊ दे. मीही तेच म्हणाले. इतकी वर्षं थायरॉइडच्या गोळ्या विकणाऱ्या बाईला स्वतःचा टीएसएच बघावा असं सुचलं नाही. शेवटी भाचीने जबरदस्तीने रक्त द्यायला नेलं. गोळी सुरू झाली, महिना-दीड महिन्याने अंगातला चिखल उतरला. दुःख राहिलं. पण ते दुःख होतं, त्यात मला तुझे काका आठवायचे, रडू यायचं, रडून झाल्यावर मी पोळ्या लाटायची. आधी तर काहीच वाटत नव्हतं. म्हणून तू टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व करून घे. तुझ्या घरी माळकरी शाकाहार, बी-१२ बद्दल तर मला शंकाच आहे. ते कमी असेल तर थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा सगळं होतं, आणि त्यावर उपाय सोपा आहे.

रील्सचं बोलू का? बोलतेच. तू म्हणालास, ‘कशातच मजा नाही, फक्त मोबाईल बघवतो, त्यातही मजा नाही.’ हे फार नेमकं निरीक्षण आहे. लोक डोपामाइनला आनंदाचं रसायन म्हणतात. १९९० च्या दशकात वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूच्या संशोधकांनी माकडांच्या मेंदूत बारीक तारा घालून पाहिलं. रसाचा थेंब पहिल्यांदा मिळाला तेव्हा डोपामाइनच्या पेशी खणखणल्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली, तर काही दिवसांनी पेशी दिव्यालाच खणखणायला लागल्या, रसाला गप्प. आणि दिवा लागून रस आला नाही तर नेहमीच्या पातळीच्याही खाली गेल्या. म्हणजे डोपामाइन चवीपेक्षा अपेक्षेचा हिशोब ठेवतं. रविवारी मिसळीला नंबर लावून उभं असताना तर्रीच्या वासाने जी उलघाल होते ना, ती डोपामाइनची. पहिला घास पोटात गेल्यावरचं समाधान निराळं, त्याची यंत्रणाही बरीचशी निराळी. रील म्हणजे नुसते दिवे. प्रत्येक अंगठ्यासरशी दिवा लागतो, रस क्वचित येतो. रात्री दोन तास असा हिशोब चुकत गेला की मन तळाला जाणारच. पण ते ‘डोपामाइन डिटॉक्स’ वगैरे जे चाललंय त्याच्या नादी लागू नकोस. डोपामाइन काही पोटातले जंत नाहीत, ते नसेल तर तू पाण्याच्या ग्लासकडे हातसुद्धा नेणार नाहीस. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव, एवढं पुरे.

दारू. नाशिकला आता वाईनचं गाव म्हणतात, शनिवारी तुमचं मित्रमंडळ गंगापूर धरणाकडे जातं, मी आंधळी नाही. मेंदूला शांत करणारं एक द्रव्य आहे, गाबा. दारू त्याचा जोर वाढवते, म्हणून पहिल्या पेल्याला खांदे सैल होतात. मेंदू हुशार, तो दुसऱ्या बाजूला वजन टाकून तराजू सरळ करतो. सकाळी दारू उतरते, टाकलेलं वजन तिथेच राहतं. रविवारची ती छातीतली धडधड, ‘काहीतरी वाईट होणार’ ही भावना, त्यातली बरीचशी या वजनाची असते. गोळी चालू असताना तर नकोच.

गोळीवरून आठवलं. डिपिंगने तुझे खांदे भरून आले असतील आणि तू गावच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणशील. बिंबिकांत सेरोटोनिन असतं असं मी वर लिहिलं ते नुसतं ज्ञान पाजळायला नव्हे. तुझ्या गोळीबरोबर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. साधं पॅरासिटामॉल घे. ट्रामाडॉल नको, आणि खोकल्याचं औषध घेताना त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन नाही ना ते बघ. या दोन्हींनी सेरोटोनिन भलतंच चढू शकतं. कुठल्याही दुकानदाराला आधी सांगायचं, की ही गोळी चालू आहे. लाजायचं नाही. आम्ही यापेक्षा पुष्कळ काही ऐकलेलं असतं.

आणि पुढे कधी बंद करायची झाली तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. बरेच महिने घेतलेली गोळी एकदम सोडलेली एक मुलगी माझ्या काउंटरला धरून उभी राहिली होती, म्हणाली, ‘मान वळवली की डोक्यात करंट बसतो.’ ती व्यसनात अडकली नव्हती. मेंदूने जे जुळवून घेतलं होतं ते एका दिवसात उलट फिरवता येत नाही, एवढंच. तुझे बाराच दिवस झालेत, तुला तसं होण्याची भीती कमी. पण आता चार दिवस चुकलेत, तर भरपाई म्हणून दोन-तीन एकदम घेऊ नकोस. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन कर, पुन्हा कशी सुरू करायची ते विचार. गोळी तुला नकोच असेल तर तेही त्यांना तोंडावर सांग. बोलून मार्ग काढण्याचे उपचारही आहेत, समुपदेशन म्हण हवं तर, आणि सौम्य ते मध्यम उदासीत ते गोळीइतके उपयोगी पडतात. दोन्ही मिळून पुष्कळदा आणखी बरं. निवड तुझी आहे, फक्त ती खिडकीत ठेवून जायची नाही.

शेवटी तुझ्या वडिलांचं. गेल्या वर्षीच्या अवकाळीने बाग झोपली तेव्हापासून तू त्यांना पगारातले पैसे पाठवतोस आणि तरी तुला वाटतं की तू काहीच करत नाहीस. ही काळजी रसायनाने तयार केलेली नाही, ती खरी आहे. पण कॉर्टिसॉल महिनोन्महिने चढलेलं राहिलं की तीच काळजी रात्री दुप्पट मोठी दिसते. या दोन गोष्टी तू एकच समजतोस. गोळीने कर्ज फिटणार नाही. कर्जाचा कागद समोर घेऊन बसायला मात्र झोपलेलं, जेवलेलं डोकं लागतं. वडिलांना तुझ्या औषधाचं सांगितलंस का? सांगून बघ. ते घाबरतील, देवऋषी सुचवतील, मग रात्री एकटे पडवीत बसतील. पण जीए समजणारा माणूस आहे तो, भुरीचं उदाहरण दिलंस तर पुढचं तेच तुला सांगतील.

निफाडला पारा उतरलाय म्हणे. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला उठावं लागत असेल तर त्या रात्री नऊलाच झोप. उजाडल्यावर अर्धा तास उन्हात बांधाने चाल. तुझ्या घड्याळाला सध्या त्याहून चांगलं औषध नाही आणि गावात ते फुकट आहे.

हे पाकीट तुमच्या गावच्या पिकअपवाल्याकडे देते आहे, तो भाजी उतरवून दुपारी परततो. त्याला आत काय आहे ते सांगितलेलं नाही. स्ट्रिप आत आहे. आठ गोळ्या. मी मोजल्यात, सवय जात नाही. तू आलास की परत मोजेन.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू